काओर : नदीच्या वळणातील मध्ययुगीन नगर आणि त्याच्या नावाचा इतिहास

प्रस्तावना

पॅरिसहून तुलूजकडे जाणारा लोहमार्ग केर्सी या प्रदेशाच्या चुनखडीच्या पठारावरून खाली उतरू लागला की लॉत नदीचे खोरे दिसू लागते. ही नदी सुमारे ४८० किलोमीटर वाहून पश्चिमेकडे गारोन नदीला मिळते. परंतु तिचा मार्ग इतका नागमोडी आहे की अनेक ठिकाणी ती पुढे जाते की मागे फिरते, हेच कळू नये. अशाच एका मोठ्या वळणात काओर हे नगर वसले आहे. पूर्व, दक्षिण आणि पश्चिम अशा तिन्ही बाजूंना पाणी आणि उत्तरेला जमिनीची अरुंद मान. मध्ययुगात या मानेवर तटबंदी उभारली की नगर बंदिस्त झाले. त्या तटाचे बुरूज आजही उभे आहेत. नगराची लोकसंख्या सुमारे वीस हजार. म्हणजे महाराष्ट्रातील एखाद्या लहान तालुक्याच्या गावाएवढी.

फ्रान्सच्या ग्रामीण भागातील अशा नगरांकडे पाहण्याची एक रूढ पद्धत आहे. दगडी पूल, जुने चर्च, अरुंद गल्ल्या, नदीकाठची शांतता, द्राक्षमळे असे चित्र प्रवासवर्णनांतून आणि पर्यटन खात्यांच्या पुस्तिकांतून सतत पुढे येते. काओरच्या बाबतीत हे सारे वर्णन खरे आहे. तथापि तेराव्या शतकातील युरोपात या नगराचे नाव सौंदर्यासाठी घेतले जात नव्हते. ते शिवीसारखे उच्चारले जात होते. लंडनपासून फ्लॉरेन्सपर्यंत ‘काओरचा माणूस’ म्हणजे व्याजखाऊ सावकार असा अर्थ रूढ होता. एका लहानशा नदीकाठच्या नगराला ही अपकीर्ती का मिळाली, ती कितपत रास्त होती आणि आज तेथे दिसणाऱ्या दगडी वैभवाशी तिचा संबंध काय, हे प्रश्न या नगराच्या इतिहासात मध्यवर्ती आहेत.

रोमन पाया

रोमन काळात या नगराचे नाव दिव्होना होते. कादुर्सी या गॉल जमातीचे ते मुख्य ठाणे. ज्यूलियस सीझरच्या गॉलमधील मोहिमेचा शेवट ज्या उक्सेलोदुनुमच्या वेढ्याने इ. स. पूर्व ५१ मध्ये झाला, तो किल्लाही याच जमातीच्या मुलखात होता. कादुर्सींच्या तागाच्या कापडाची ख्याती रोमन लेखकांनी नोंदविली आहे. स्नानगृहांची एक कमान वगळता या काळाचे अवशेष जमिनीवर फारसे उरलेले नाहीत. २००६ मध्ये फेनेलाँ मार्गाखाली मोटारींसाठी तळघर खोदले जात असता रोमन रंगमंडलाच्या भिंती सापडल्या. वाहनतळ झालाच, पण भिंतीही जपण्यात आल्या, आणि आज काओरचा रहिवासी आपली मोटार दोन हजार वर्षांपूर्वीच्या प्रेक्षागृहाशेजारी उभी करतो. पुरातत्त्व आणि नागरी सोय यांच्यातील तडजोडीचा हा नमुना वाईट म्हणता येणार नाही.

व्यापारी आणि सावकार

मध्ययुगात काओरचा बिशप हा केवळ धर्माधिकारी नव्हता. तो नगराचा सरंजामी अधिपतीही होता. काऊंट ही पदवी त्याच्याकडे होती, नाणी पाडण्याचा अधिकार होता आणि प्रार्थनेच्या वेळी वेदीवर शस्त्रे ठेवण्याचा त्याचा मान प्रसिद्ध होता. बिशपच्या सत्तेला हळूहळू शह दिला तो नगरातील व्यापाऱ्यांनी. त्यांच्या प्रतिनिधींना ‘कॉन्सल’ म्हणत. तेराव्या शतकात या कॉन्सल मंडळाचे वजन वाढत गेले, याचे कारण उघडपणे आर्थिक होते.

काओरचे भौगोलिक स्थान या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. भूमध्य समुद्रावरील माँपेलिये आणि मार्सेय ही बंदरे एका बाजूला आणि अटलांटिक किनाऱ्यावरील ला रोशेल दुसऱ्या बाजूला. ला रोशेलहून पुढे लंडन. पूर्वेकडील मसाले व मौल्यवान कापड उत्तरेकडे आणि इंग्लंडची लोकर दक्षिणेकडे, असा जो व्यापार चाले त्याच्या आडव्या वाटेवर काओर होते. इव्ह रेनुआर या फ्रेंच इतिहासकाराने १९६१ मध्ये काओरच्या व्यापाऱ्यांवर लिहिताना हाच अक्ष अधोरेखित केला. गियोम सेर्व्हा या व्यापाऱ्याचे उदाहरण बोलके आहे. काओरचा हा गृहस्थ तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनला गेला, लोकरीच्या व्यापारात मोठा झाला आणि अखेर लंडन नगरीचा आल्डरमन म्हणून बसला. परक्या मुलखातील एका आडबाजूच्या नगरातून आलेल्या माणसाने लंडनच्या नगरशासनात स्थान मिळवावे, यावरून या व्यापाऱ्यांची पोच लक्षात येते.

व्यापारात पैसा साठला की तो कर्जाऊ देणे ओघाने येते. येथे चर्चच्या शिकवणुकीचा अडसर होता. मुद्दलापेक्षा अधिक काहीही घेणे म्हणजे पाप, अशी चर्चची भूमिका. ऋणको मुद्दल परत करतो तेव्हा त्याचे देणे संपले. त्यावरची रक्कम म्हणजे सरलेल्या काळाची किंमत, आणि काळ हा ईश्वराचा आहे, तो माणसाने विकावा कसा, असा युक्तिवाद केला जाई. ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने उघड व्याजखोरांना धर्मबहिष्कृत करण्याचा ठराव केला. १२७४ च्या लियाँ परिषदेने परक्या सावकारांना घरे भाड्याने देण्यासही मनाई केली. व्हिएन परिषदेने (१३११-१२) तर व्याज घेणे पाप नाही असे म्हणणेच पाखंड ठरविले. पण मोठा व्यापार उधारीवाचून चालत नाही. मग पळवाटा निघाल्या. मुदतीत रक्कम परत न केल्यास दंड, अशी अट घालावयाची आणि मुदत मुळातच अशक्य ठेवावयाची. किंवा एका नगरात एका चलनात रक्कम देऊन दुसऱ्या नगरात दुसऱ्या चलनात वसूल करावयाची. आपल्याकडील हुंडीच्या व्यवहाराशी परिचित असलेल्या अभ्यासकाला यातील दुसरी युक्ती सहज ओळखता येईल : हुंडणावळीच्या दरात व्याज बेमालूम मिसळता येते.

काओरच्या सावकारीचा सर्वांत अस्वस्थ करणारा प्रसंग मात्र चर्चच्याच सेवेत घडला. दक्षिण फ्रान्समधील कॅथार पंथीयांविरुद्ध पोपने पुकारलेल्या धर्मयुद्धात सिमाँ द माँफोर याला सैन्याच्या खर्चासाठी पैसा हवा होता. तो पुरविला काओरच्या रेमाँ द साल्व्हान्याक या धनिक व्यापाऱ्याने. १२११ च्या मे महिन्यात लाव्होर हे नगर पडले. तेथे शेकडो कॅथार जिवंत जाळले गेले, नगराची स्वामिनी जिरोद हिला विहिरीत टाकून वरून दगड लोटण्यात आले, आणि त्या नगरातील लूट कर्जाच्या परतफेडीपोटी रेमाँच्या हवाली झाली. काओरचा तत्कालीन बिशप गियोम द कार्दायाक हाही या मोहिमेच्या बाजूने उभा होता. ज्या धर्मसंस्थेने व्याजाला पाप ठरविले तिच्याच युद्धाचा धनको काओरचा सावकार होता, ही गोष्ट पुढच्या सर्व निंदेच्या पार्श्वभूमीवर ध्यानात ठेवली पाहिजे. तत्कालीन प्रोव्हांसाल भाषेतील या धर्मयुद्धाच्या पद्यकथेतही रेमाँचा उल्लेख येतो. म्हणजे हा व्यवहार लपूनछपून झालेला नव्हता.

नावाची अपकीर्ती

१२३५ मध्ये लंडनच्या बिशपने ‘काउर्सिनी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सावकारांना धर्मबहिष्कृत केले, असे सेंट ऑल्बन्स मठातील इतिवृत्तकार मॅथ्यू पॅरिस याने नोंदविले आहे. १२४० मध्ये राजा तिसरा हेन्री याने त्यांना देशाबाहेर काढण्याचा हुकूम काढला. मॅथ्यूच्या लेखणीत या लोकांविषयीचा संताप उघड दिसतो. पण त्याने ज्यांना ‘काउर्सिनी’ म्हटले त्यांतील बहुतेक, विशेषतः पोपच्या वतीने पैसा फिरविणारे, प्रत्यक्षात इटालियन होते. म्हणजे तेराव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे नाव एका गावाचे राहिले नव्हते; ते धंद्याचे झाले होते. जर्मन भाषिक प्रदेशांत आणि नेदरलंड्समध्येही याच शब्दाची बदललेली रूपे परक्या सावकारांसाठी वापरली गेली.

याच गोंधळामुळे काही अभ्यासकांनी असा तर्क मांडला की मूळ ‘काओर्सीन’ हे काओरचे नसून इटलीतील पिएमाँत प्रांतातील काव्हूर या गावचे असावेत. फिलिप व्होल्फ यांनी १९५० मध्ये आणि त्यानंतर रेनुआर यांनी मूळ कागदपत्रांच्या आधारे हा प्रश्न तपासला. मार्सेय, ला रोशेल आणि इंग्लंडमधील नोंदींत केर्सी प्रांतातील ओळखता येणाऱ्या गावांची व घराण्यांची नावे सापडतात. तेव्हा आरंभीचे काओर्सीन हे काओर व त्याच्या परिसरातलेच होते, हे आता सामान्यतः मान्य आहे. त्यांची दांडगी कर्तबगारी आधी, आणि तिच्यामुळे त्यांच्या गावाचे नाव इतरांना चिकटले नंतर, असा हा क्रम आहे. काव्हूरचा तर्क भाषिक साम्यावर उभा होता, आणि केवळ उच्चारसाम्यावरून इतिहास रचण्याचा मोह किती महाग पडतो याचे हे एक चांगले उदाहरण होय.

दांतेने या नावाला जी जागा दिली ती मात्र कायमची ठरली. नरकाच्या अकराव्या सर्गात व्हर्जिल नरकाची रचना समजावून सांगतो, तेव्हा निसर्गाविरुद्ध वर्तन करणाऱ्यांच्या वर्तुळाची खूण म्हणून तो दोन नगरांची नावे घेतो. एक सोडोम, दुसरे काओर. बायबलमधील शापित नगराशेजारी फ्रान्समधील एका जित्याजागत्या नगराचे नाव यावे आणि वाचकाला ते स्पष्टीकरणाशिवाय कळावे, एवढी ही ख्याती होती. पुढे बोकाच्चोने या सर्गावर भाष्य करताना, फ्लॉरेन्समध्ये एखाद्याला ‘काओर्सिनो’ म्हटले की तो व्याजखोर समजला जातो, असा खुलासा केला. येथे एक विसंगती नजरेआड करता येत नाही. दांतेचे स्वतःचे फ्लॉरेन्स हेच त्या काळी युरोपातील सावकारीचे सर्वांत मोठे केंद्र बनत होते.

काओरचा पोप

दांतेच्या रागाला आणखी एक कारण होते. १३१६ च्या ऑगस्टमध्ये, दोन वर्षांहून अधिक काळ रिकाम्या राहिलेल्या पोपच्या गादीवर काओरच्या एका धनिक घराण्यातील झाक दुएझ याची निवड झाली. त्याने बाविसावा जॉन हे नाव धारण केले. निवडीच्या वेळी तो सत्तरी ओलांडलेला, कृश आणि प्रकृतीने नाजूक होता. निवडणाऱ्या कार्डिनलांना बहुधा तात्पुरती सोय अभिप्रेत असावी. प्रत्यक्षात तो अठरा वर्षे, डिसेंबर १३३४ पर्यंत, आव्हीन्योंहून राज्य करीत राहिला. स्वर्गाच्या सर्गांतही दांतेने काओर आणि गॅस्कनीच्या माणसांवर, म्हणजे हा पोप आणि त्याचा पूर्वसूरी पाचवा क्लेमंट यांच्यावर, शरसंधान केले आहे.

बाविसाव्या जॉनचे मूल्यमापन सोपे नाही. पोपच्या दरबाराची कररचना आणि हिशेबपद्धती त्याने अशी शिस्तबद्ध केली की पुढील अर्धशतक तिचाच आधार राहिला. व्यापारी घराण्यातील संस्कार येथे उपयोगी पडले असे म्हणता येईल. दुसरीकडे, ख्रिस्त व त्याचे शिष्य यांच्या मालकीचे काहीच नव्हते असे प्रतिपादन करणे हे पाखंड आहे, असा निर्णय त्याने १३२३ मध्ये दिला आणि निर्धनतेला सर्वोच्च मूल्य मानणाऱ्या फ्रान्सिस्कन साधूंशी उभा दावा मांडला. त्याच वर्षी त्याने थॉमस अक्वायनस याला संतपद दिले. स्वतःच्या जन्मगावच्या बिशपशी त्याचे वैर तर भीषण थराला गेले : ह्यूग जेरो या बिशपवर विषप्रयोग आणि चेटूक यांच्या साहाय्याने पोपला मारण्याचा कट रचल्याचा आरोप ठेवून १३१७ मध्ये त्याला आव्हीन्यों येथे जाळण्यात आले.

त्याच्या मृत्यूनंतर खजिन्यात अडीच कोटी फ्लोरिन किमतीचा ऐवज सापडल्याचे फ्लॉरेन्सचा इतिवृत्तकार व्हिलानी सांगतो. पोपच्या दप्तरातील हिशेबवह्यांचा अभ्यास झाल्यावर हा आकडा दहा लाखांच्याही खाली आला. काओरचा माणूस म्हटल्यावर लोकांची कल्पनाशक्ती कोणत्या दिशेने धावे, हे या तफावतीवरून कळते. आणखी एक गोष्ट म्हणजे या पोपचे मोठे आर्थिक व्यवहार सांभाळणाऱ्या पेढ्या काओरच्या नव्हत्या. बार्दी, पेरुत्सी यांसारख्या त्या फ्लॉरेन्सच्या होत्या. काओरचा भूमिपुत्र पोप झाला तेव्हा काओरच्या सावकारांचा सुवर्णकाळ मावळला होता.

नगराला या पोपने दिलेली खरी देणगी म्हणजे विद्यापीठ. ७ जून १३३२ च्या आज्ञापत्राने ते स्थापन झाले आणि कायद्याच्या अध्ययनासाठी नावारूपाला आले. सोळाव्या शतकातील श्रेष्ठ विधिज्ञ झाक क्यूझा याने येथे काही काळ अध्यापन केले. सतराव्या शतकात फेनेलाँ येथे शिकला. निर्धन विद्यार्थ्यांसाठी चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात निघालेल्या पेलेग्री महाविद्यालयात आरंभी तेरा विद्यार्थ्यांची सोय होती. १७५१ मध्ये विद्यापीठ तुलूजच्या विद्यापीठात विलीन करण्यात आले. लहान गावातील उच्च शिक्षणसंस्था मोठ्या शहरातील संस्थेत विलीन होतात तेव्हा गावातून केवळ इमारतीचा उपयोग जात नाही, हे महाविद्यालयीन क्षेत्रातील वाचकांना सांगावयास नको. पेलेग्रीची वास्तू तिच्या मनोऱ्यासह आजही उभी आहे.

दगडातील साक्ष

नगराच्या पूर्व भागात सेंट स्टीफनचे कॅथीड्रल आहे. दुसरा कालिक्स्टस या पोपने १११९ मध्ये तेथील वेदीची प्रतिष्ठा केली. त्याच्या मुख्य दालनावर सुमारे अठरा मीटर व्यासाचे दोन घुमट असून मध्ये एकही खांब नाही. फ्रान्समध्ये नेहमी आढळणाऱ्या गॉथिक कमानींची सवय झालेला प्रवासी येथे थबकतो. पश्चिमेकडील घुमटात चौदाव्या शतकातील चित्रे आहेत : मध्यभागी संत स्टीफनवर होणारा दगडांचा मारा आणि भोवती आठ प्रेषित. ही चित्रे चुन्याच्या थराखाली गडप झाली होती. एकोणिसाव्या शतकात ती पुन्हा उजेडात आली. कॅथीड्रलभोवतीच्या गल्ल्यांत तेराव्या-चौदाव्या शतकांतील विटांची व दगडांची घरे आहेत. तळमजल्यावर रुंद कमानी, म्हणजे दुकाने आणि वखारी. वर राहण्याची दालने. राजवाडा किंवा मठ नसलेली, व्यापाऱ्यांनी स्वतःच्या पैशाने बांधलेली अशी मध्ययुगीन घरे इतक्या संख्येने टिकलेली नगरे फार नाहीत. काओरच्या सावकारीची खरी हिशेबवही ती हीच. उत्तरेकडे दुएझ घराण्याच्या वाड्यातील उरलेला ३४ मीटर उंचीचा मनोरा पोपच्या नावाने ओळखला जातो.

पश्चिमेला व्हालांत्रे पूल. १३०७ मध्ये बिशप आणि फ्रान्सचा राजा चौथा फिलिप यांच्यात नगराच्या सत्तेत भागीदारीचा करार झाला आणि लगेच १७ जून १३०८ रोजी कॉन्सल जेरो द सबानाक याच्या हस्ते पुलाची पहिली शिळा बसली. बांधकाम सात दशके रेंगाळले. सहा मोठ्या टोकदार कमानी, प्रत्येकीचा गाळा सुमारे साडेसोळा मीटर, आणि वर तीन चौकोनी मनोरे. पूल आणि किल्ला यांचा हा संयोग होता; परंतु शत्रूने त्याची परीक्षा कधी घेतली नाही. १३६० च्या ब्रेतिन्यी तहाने केर्सी प्रांत इंग्लंडच्या राजाला मिळाला तो लढाईने नव्हे तर कलमाने, आणि १५८० मध्ये नाव्हारचा हेन्री (पुढे फ्रान्सचा राजा चौथा हेन्री) नगरात शिरला तो दुसऱ्याच एका पुलाचे दरवाजे सुरुंगाने उडवून. त्या वेळी रस्त्यारस्त्यांवर दिवसचे दिवस लढाई झाली आणि नगर लुटले गेले. तो दुसरा पूल आता नाही; व्हालांत्रे आहे.

या पुलाविषयी एक दंतकथा प्रत्येक प्रवाशाला ऐकविली जाते. काम पुढे सरकेना म्हणून गवंड्याने सैतानाशी करार केला : सैतानाने सर्व आज्ञा पाळाव्यात, मोबदल्यात गवंड्याचा आत्मा. काम पूर्ण होत आले तेव्हा गवंड्याने सैतानाला चाळणीतून पाणी आणावयास सांगितले. सैतान हरला आणि सूड म्हणून मधल्या मनोऱ्याचा एक दगड दर रात्री काढून नेऊ लागला. १८७९ मध्ये पुलाच्या जीर्णोद्धाराचे काम पाहणारा वास्तुविशारद पॉल गू याने त्या रिकाम्या कोपऱ्यात दगड ओढणाऱ्या सैतानाची आकृती कोरलेली शिळा बसविली. ती पाहून ही मध्ययुगीन शिल्पकला आहे असे समजणाऱ्यांची संख्या कमी नसावी. करार, मुदत, अशक्य अट आणि वसुली हे कथेतील सारे घटक सावकारीच्या व्यवहारातले आहेत. ही कथा सावकारांच्या गावी इतकी रुजावी, यात नवल वाटू नये.

ऱ्हासाची कारणे एकाहून अधिक आहेत. १२९४ मध्ये गॅस्कनीवरून फ्रान्स व इंग्लंड यांच्यात युद्ध पेटले आणि ला रोशेल-लंडन हा दुवा निखळू लागला. इटालियन पेढ्यांची स्पर्धा होतीच. १३४८ ची महामारी आणि शंभर वर्षांचे युद्ध यांनी उरलेसुरले संपविले. नदीमार्गाने जाणारी गडद रंगाची वाइन हा पुढे नगराचा आधार राहिला. पण बोर्दोच्या व्यापाऱ्यांना मिळालेल्या विशेषाधिकारांमुळे वरच्या खोऱ्यातील वाइनला त्यांच्या बंदरात ठरावीक मुदतीपूर्वी शिरकावच नसे. हा निर्बंध तुर्गोच्या १७७६ च्या आदेशापर्यंत टिकला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा या किडीने आणि १९५६ च्या हिवाळ्यात कडाक्याच्या थंडीने द्राक्षमळे उद्ध्वस्त केले. १९७१ मध्ये काओरच्या वाइनला नियंत्रित मूळनावाचा दर्जा मिळाला. नगराचे नाव आता बाटलीवर अभिमानाने छापले जाते.

१९९८ मध्ये कॅथीड्रल आणि व्हालांत्रे पूल यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला, तो सान्तियागो दे कोंपोस्तेला येथे जाणाऱ्या यात्रामार्गांवरील स्थळे म्हणून. ल पुई येथून निघालेले पदयात्री आजही नगर ओलांडून याच पुलावरून पलीकडे जातात. पुलाच्या पलीकडच्या काठावर, थोडे वरच्या अंगाला, कड्याच्या पायथ्याशी एक खोल झरा आहे. रोमन नगराचे दिव्होना हे नाव याच झऱ्याच्या देवतेवरून पडले असे मानतात. १९९० च्या सुमारास पाणबुड्यांना त्याच्या तळाशी शेकडो रोमन नाणी सापडली. देवतेला अर्पण म्हणून ती पाण्यात सोडलेली होती. काओर नगराला पिण्याचे पाणी आजही त्याच झऱ्यातून मिळते.